सुई एक, पद्धती अनेक : वेदनाशमनाच्या ॲक्युपंक्चरमध्ये नेमके काय केले जाते?

उधना (सुरत) : मुंबई-अहमदाबाद लोहमार्गावर सुरतेच्या अलीकडे उधना हे जंक्शन लागते. येथून एक फाटा पूर्वेकडे वळतो आणि नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर अशी स्थानके घेत जळगावला पोहोचतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ताप्ती खोऱ्यात हा मार्ग टाकला गेला. पुढे खानदेशातील कोरडवाहू शेती आणि सुरतेतील कापडधंद्याची भरभराट यांच्यामुळे याच मार्गाने माणसे येत राहिली आणि येथेच स्थायिक झाली. आज उधना, लिंबायत, डिंडोली या पट्ट्यात अहिराणी सहज कानी पडते आणि महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळाही भरतात.

या वस्तीचे दुखणे तिच्या कामातून आलेले आहे. यंत्रमागाच्या शेडला सुरतेत नुसते ‘खाते’ म्हणतात. तेथे एकेका कारागिराकडे अनेक माग असतात. पाळी बहुधा बारा तासांची आणि उभ्यानेच करावयाची. तुटलेला धागा सांधण्यासाठी मागावर ओणवे व्हायचे, उतरलेला ताका खांद्यावर घ्यायचा. मजुरी मीटरवर मोजली जात असल्याने मध्ये थांबणे परवडत नाही. घरात बायका साड्यांवर खडे चिकटवतात, भरतकामाच्या मागील बाजूचे धागे कापतात. हे काम जमिनीवर बसून, मान खाली घालून तासनतास चालते. त्यामुळे पुरुषाची कंबर आणि टोंगळा (खानदेशी माणूस गुडघ्याला टोंगळाच म्हणतो), तर बाईची मान आणि खांदा, अशी दुखण्याची जणू वाटणीच झालेली दिसते.

यावर पहिला उपाय म्हणजे मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक यांसारखी औषधे थोड्या दिवसांसाठी उपयुक्त आहेत, यात वाद नाही. परंतु हीच गोळी डॉक्टरांना न विचारता, महिनोन्महिने, बऱ्याचदा उपाशीपोटी घेतली की जठरात व्रण होण्याचा धोका वाढतो. उकाड्यात घाम जाऊन शरीरातील पाणी कमी झालेले असताना ती मूत्रपिंडांनाही अपाय करू शकते. रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर हा धोका आणखी मोठा. गोळी सोडावी तर पाळी भरत नाही आणि चालू ठेवावी तर पोट बिघडते, अशा पेचात सापडलेल्या माणसाला शेजारचा कोणीतरी सुचवतो, ‘सुया लावून बघ.’

हा सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. सुया कोणत्या, कोण लावणार आणि कोणत्या दुखण्यासाठी, हे त्यात येत नाही. ‘ॲक्युपंक्चर’ या एकाच पाटीखाली किमान पाच-सहा निराळे उपचार दिले जातात. त्यांतील काहींच्या पाठीशी चांगले संशोधन आहे, काहींच्या पाठीशी केवळ परंपरा, तर काहींना ॲक्युपंक्चर म्हणावे की नाही याविषयीच मतभेद आहेत. गोव्यात रापण ओढणाऱ्याची पाठ आणि काजू कारखान्यात दिवसभर बसून बिया फोडणाऱ्या महिलेची मान उधन्यातल्या दुखण्याहून फार वेगळी नाही. म्हणूनच या पद्धतींमधला फरक येथेही समजून घ्यायला हवा.

मूळ पद्धत

चिनी परंपरेतील ॲक्युपंक्चरमध्ये शरीरावरील ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचून काही वेळ ठेवल्या जातात. शरीरात ‘ची’ नावाची जीवनशक्ती ठरलेल्या वाहिन्यांतून फिरते, तिच्या प्रवाहात अडथळा आला की वेदना उत्पन्न होते आणि सुईने तो अडथळा दूर होतो, अशी तिची मूळ धारणा. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रमाणकात अशा ३६१ बिंदूंच्या जागा निश्चित केल्या आहेत. सुश्रुताने सांगितलेल्या १०७ मर्मांशी हे बिंदू जुळतात, असे अनेकदा मोघमपणे सांगितले जाते. मर्मांचे वर्णन मात्र मुख्यतः इजा होऊ नये म्हणून जपावयाच्या जागा असे आहे. त्यामुळे दोन्ही कल्पनांची सरमिसळ न केलेली बरी.

सुई पाहिली की निम्मी भीती कमी होते. इंजेक्शनची सुई पोकळ असते, कारण तिच्यातून औषध जायचे असते. ॲक्युपंक्चरची सुई भरीव, केसासारखी, साधारण पाव मिलिमीटर जाडीची असते आणि तिच्यातून काहीही शरीरात सोडले जात नाही. टोचताना मुंगी चावल्यासारखे वाटते. त्यानंतर आत जडपणा, बधिरपणा किंवा मंद ठणक जाणवते. चिनी वैद्य या जाणिवेला महत्त्व देतात. ती आली म्हणजे सुई योग्य जागी पोहोचली, असे ते मानतात. जपानी पद्धतीत सुया आणखी बारीक आणि कमी खोल जातात. त्या एका नळीतून टोचल्या जातात. सतराव्या शतकातील सुगियामा वाइची या अंध वैद्याने ही नळी प्रचारात आणली. हाताच्या स्पर्शावर विसंबणाऱ्या माणसाला सुचलेली ही युक्ती आज जगभर वापरात आहे.

कंबरदुखीच्या रुग्णाला साधारणपणे पालथे झोपवून कमरेच्या दोन्ही बाजूंना, गुडघ्यामागील खाचेत आणि घोट्याजवळ सुया लावतात. दुखते कमरेत आणि सुई गुडघ्यामागे का, हा प्रश्न प्रत्येक रुग्ण विचारतो. परंपरेचे उत्तर वाहिनीचे आहे. शरीरविज्ञान मज्जारज्जूकडे बोट दाखवते, कारण पायाच्या आणि कमरेच्या संवेदना मज्जारज्जूच्या जवळजवळच्या पातळ्यांवर पोहोचतात. एक सिटिंग वीस ते तीस मिनिटांचे असते. आठवड्यातून एक किंवा दोन याप्रमाणे आठ-दहा सिटिंग घ्यावी लागतात. मीटरवर मजुरी घेणाऱ्याच्या दृष्टीने फीइतकाच हा वेळही मोलाचा असतो. दहा सिटिंग म्हणजे दहा वेळा पाळी सांभाळून जाणे, आणि तेवढे जमणार नसेल तर ते सुरुवातीलाच सांगितलेले बरे.

सुईला जोडलेला करंट

दुसरा प्रकार इलेक्ट्रो-ॲक्युपंक्चरचा. सुया नेहमीसारख्याच लावतात. मात्र त्यांना तारांचे चिमटे जोडून छोट्या यंत्रातून सौम्य विद्युतस्पंद सोडले जातात. स्नायू लयीत फडफडतात आणि रुग्णाला हलके ठोके जाणवतात. वैद्याने हाताने सुई फिरवत बसण्याचे काम यंत्र करते आणि उत्तेजनेचे प्रमाण मोजता येते. संशोधकांना ही पद्धत आवडण्याचे कारणही हेच.

बीजिंगमधील संशोधक हान जीशेंग यांनी या विषयावर अनेक दशके काम केले. सेकंदाला दोन इतक्या मंद गतीने स्पंद दिले असता मज्जासंस्थेतून एन्केफालिनसारखी, तर सेकंदाला शंभर या वेगाने डायनॉर्फिन नावाची वेदनाशामक द्रव्ये स्रवतात, असे त्यांच्या प्रयोगांतून दिसून आले. ही द्रव्ये शरीर स्वतःच तयार करते आणि त्यांचे कार्य अफूवर्गीय औषधांशी मिळतेजुळते असते. त्याआधी १९७० च्या दशकातच नॅलोक्झोन हे अफूचा प्रभाव उतरवणारे औषध दिले असता ॲक्युपंक्चरचा वेदनाशामक परिणामही ओसरतो, असे काही प्रयोगांत आढळले होते. २०१० साली उंदरांवर झालेल्या एका अभ्यासात सुई फिरवलेल्या जागी ॲडेनोसिन हे द्रव्य वाढून वेदना घटल्याचे दिसले. म्हणजे ‘ची’ ही कल्पना न मानणाऱ्यालाही सुईने शरीरात काहीतरी घडते, हे मान्य करावे लागते.

हृदयात पेसमेकर असलेल्यांनी हा विद्युत प्रकार टाळावा. अपस्माराचा त्रास असेल तर आधी सांगावे.

कानाच्या पाळीवर अख्खे शरीर

कानावरील ॲक्युपंक्चर प्राचीन चिनी असल्याचा समज सर्वत्र आहे. आज प्रचलित असलेला त्याचा नकाशा मात्र फ्रान्समधील लिआँ शहराच्या पॉल नोजिए या डॉक्टरांनी १९५० च्या दशकात मांडला. कानाचा आकार गर्भाशयात उलट्या असलेल्या अर्भकासारखा आहे, त्यामुळे पाळीकडे डोके आणि वरच्या कडेकडे पाय, अशी त्यांची कल्पना होती. शरीराचा प्रत्येक भाग कानावर असा हुबेहूब उमटलेला असतो, हे काही सिद्ध झालेले नाही. तरीही कानाला मज्जातंतूंचा भरपूर पुरवठा आहे आणि तेथील उत्तेजनेने काही वेदना तात्पुरत्या कमी होतात, असे दाखवणारे अभ्यास आहेत. अमेरिकी हवाई दलातील डॉक्टर रिचर्ड निमत्झो यांनी २००१ मध्ये कानावरील पाच बिंदूंची एक संक्षिप्त पद्धत तयार केली. काही मिनिटांत होणारी ही पद्धत जखमी सैनिकांसाठी वापरली जाते.

या पद्धतीत कधी सुई काढून टाकतात, कधी अगदी लहान टाचणी किंवा मोहरीएवढे बी चिकटपट्टीने कानावर काही दिवस राहू देतात. बी निरुपद्रवी असते. टाचणी मात्र दमट हवेत, घाम आणि धूळ असलेल्या ठिकाणी काम करणाऱ्याने जपून घ्यावी. कानाच्या कूर्चेला जंतुसंसर्ग झाला तर तो लवकर बरा होत नाही.

फिजिओथेरपिस्टची सुई

खांद्याच्या वरच्या स्नायूत बोटाने दाबले की हरभऱ्याएवढी गाठ लागते आणि तेथून कळ मानेत, कधी कानामागे जाते. दिवसभर मान वाकवून काम करणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. या गाठींना ट्रिगर पॉइंट म्हणतात. त्यांत थेट सुई घालून स्नायूला झटका देणे आणि मग तो सैल होऊ देणे, या उपचाराला ‘ड्राय नीडलिंग’ हे नाव आहे. औषध न सोडता कोरडी सुई टोचणे, एवढाच त्या नावाचा अर्थ. सुई तीच, परंतु विचार संपूर्णपणे आधुनिक शरीररचनेचा असून वाहिन्या, नाडी, जीभ यांचा येथे संबंध नसतो. हा उपचार बहुधा फिजिओथेरपिस्ट करतात आणि सोबत व्यायामही देतात. मान व खांद्याच्या स्नायूंच्या दुखण्यात त्याने अल्पकाळ आराम मिळतो. टोचताना स्नायू उडी मारतो आणि पुढील एक-दोन दिवस तेथे ठणका राहतो, ही गोष्ट आधीच सांगणारा चिकित्सक चांगला समजावा.

महाराष्ट्रातील काही आयुर्वेदीय वैद्य विद्धकर्म या नावाने सुईचा उपयोग करतात. त्याची परंपरा सुश्रुताकडे जाते आणि तेथे सहसा पोकळ सुई क्षणभर टोचून काढली जाते. त्यालाही लोक सर्रास ॲक्युपंक्चर म्हणतात. नाव काहीही असो, आपल्यावर यांपैकी कोणता उपचार होणार आहे, हे रुग्णाला ठाऊक असावे.

शेक, तुंबडी आणि डाग

चिनी भाषेत या शास्त्राचे नावच ‘टोचणे आणि जाळणे’ अशा अर्थाचे आहे. यातील दुसरे अंग म्हणजे मोक्सा. आपल्याकडे देवाला वाहिला जाणारा दवणा ज्या कुळातला, त्याच कुळातील एका वनस्पतीची वाळलेली पाने कुटून त्यांची कांडी करतात. ती पेटवून बिंदूच्या जवळ धरतात किंवा तिचा गोळा सुईच्या टोकावर ठेवून सुईवाटे ऊब आत पोहोचवतात. गुडघ्याच्या जुन्या, थंडीत वाढणाऱ्या दुखण्यासाठी हा शेक दिला जातो. युनेस्कोने २०१० मध्ये ॲक्युपंक्चर आणि मोक्सा या दोहोंना मिळून मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

तिसरे अंग कपिंगचे, म्हणजेच आपल्या तुंबडीचे. वैदू समाजातील माणसे गावोगाव शिंगाची तुंबडी लावून दुखऱ्या जागेवरचे रक्त ओढीत, हे जुन्या पिढीला आठवत असेल. आता शिंगाऐवजी काचेचा किंवा प्लॅस्टिकचा पेला आला आणि खेळाडूंच्या पाठीवरचे लाल वर्तुळ दूरचित्रवाणीवर दिसू लागल्याने तुंबडीला नवी प्रतिष्ठा मिळाली. कोरड्या तुंबडीने वळ उठतात, ते आठवडाभरात जातात. त्वचेला चिरा देऊन रक्त काढण्याचा प्रकार मात्र निर्जंतुक साधनांशिवाय धोकादायक आहे.

मोक्साचा शेक आणि डागणे यांत घोळ होता कामा नये. तापलेल्या सळईने डाग देण्याची रीत अजून नाहीशी झालेली नाही आणि मेळघाटात आजारी बालकांच्या पोटावर डंभा देण्याचे प्रकार वारंवार उघडकीस आले आहेत. मोक्सामध्ये कातडी भाजणे हा हेतू नसतो, आणि भाजली तर ती चूक असते. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्या रुग्णाला चटका बसल्याचे कळतच नाही. त्याने पायावर हा शेक घेऊ नये.

सुईविना

ॲक्युप्रेशरमध्ये सुई नसते, त्याच बिंदूंवर बोटाने किंवा लाकडी काडीने दाब देतात. ते घरी शिकता येते, खर्च नाही आणि धोकाही अल्प. त्याचा परिणामही सौम्यच असतो. कोरियातील पार्क जे-वू यांनी मांडलेल्या सुजोक पद्धतीत सर्व बिंदू तळहात-तळपायावरच मानले जातात. बिंदूंवर मंद लेसर किरण टाकणारी पद्धत सुईला घाबरणाऱ्यांसाठी आणि लहान मुलांसाठी सुचवली जाते. त्वचेवर चिकटपट्ट्या लावून करंट देणारे टेन्स यंत्र हे ॲक्युपंक्चर नव्हे, जरी काही ठिकाणी ते त्याच नावाने लावले जात असले तरी.

गुण किती येतो?

पाश्चात्त्य जगात ॲक्युपंक्चरची चर्चा घरोघरी पोहोचली ती एका पत्रकारामुळे. १९७१ च्या जुलैत न्यूयॉर्क टाइम्सचे जेम्स रेस्टन यांच्यावर पेकिंगमध्ये अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली. नंतर पोटात जो त्रास झाला, त्यासाठी त्यांना सुया लावण्यात आल्या आणि तो अनुभव त्यांनी वर्तमानपत्रात लिहिला. शस्त्रक्रिया नेहमीची भूल देऊनच झाली होती. पुढे कथा सांगोवांगी वाढत जाऊन सुयांवरच शस्त्रक्रिया झाली, असे ठरले. ॲक्युपंक्चरविषयीच्या कित्येक दाव्यांचे असेच होते.

त्यामुळे आकड्यांकडे वळणे इष्ट. अँड्र्यू विकर्स आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये २९ चाचण्यांतील १७,९२२ रुग्णांची माहिती एकत्र करून तपासली. पाठ व मानदुखी, गुडघ्यासारख्या सांध्यांची झीज, जुनाट डोकेदुखी आणि खांदेदुखी एवढेच आजार त्यांनी घेतले. त्यांनी निष्कर्ष समजावण्यासाठी दिलेले उदाहरण सोपे आहे. उपचारापूर्वी शंभरपैकी ६० इतकी वेदना असलेले रुग्ण घेतले, तर ॲक्युपंक्चर न घेणाऱ्यांची वेदना सरासरी ४३ वर येईल, खोट्या सुया घेणाऱ्यांची ३५ वर आणि खऱ्या सुया घेणाऱ्यांची ३० वर. खोट्या सुया म्हणजे बिंदू सोडून भलतीकडे, वरवर टोचलेल्या किंवा टोचल्याचा केवळ आभास देणाऱ्या. २०१८ मध्ये हाच अभ्यास ३९ चाचण्यांपर्यंत वाढवण्यात आला, तेव्हा उपचाराचा बराचसा लाभ वर्षभर टिकून राहतो, असेही दिसले.

हे तीन आकडे नीट वाचण्यासारखे आहेत. ४३ आणि ३० यांतले अंतर रुग्णाला जाणवेल एवढे आहे. ३५ आणि ३० यांतले अंतर थोडे आहे. याचा अर्थ लाभाचा मोठा हिस्सा नेमक्या बिंदूशी निगडित नाही. तो सुई टोचल्याने होणाऱ्या सर्वसाधारण प्रतिक्रियेतून, अर्धा तास शांत पडून राहण्यातून, कोणीतरी लक्ष देऊन विचारपूस केल्यातून आणि बरे वाटेल या अपेक्षेतून येतो. जर्मनीत कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने हेच ठळक केले. सहा महिन्यांनी खऱ्या सुया घेतलेल्यांपैकी ४७.६ टक्के, खोट्या सुया घेतलेल्यांपैकी ४४.२ टक्के आणि नेहमीचे औषधोपचार घेतलेल्यांपैकी २७.४ टक्के रुग्णांना गुण आलेला होता. टीकाकार यातील पहिल्या दोन आकड्यांकडे बोट दाखवतात, समर्थक पहिल्या आणि तिसऱ्याकडे. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. जर्मनीच्या सार्वजनिक आरोग्यविम्याने दुसरी बाजू मान्य करून २००७ पासून जुनाट कंबरदुखी आणि गुडघ्याची झीज या दोन दुखण्यांसाठी ॲक्युपंक्चरचा खर्च देणे सुरू केले.

ब्रिटनमध्ये मात्र आरोग्यसेवेला मार्गदर्शन करणाऱ्या नाइस या संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी आणि २०२२ मध्ये सांध्यांच्या झिजेसाठी ॲक्युपंक्चर देऊ नये, असे सांगितले. याच संस्थेने २०२१ मध्ये ज्या जुनाट वेदनेमागे अन्य आजार सापडत नाही, तिच्यासाठी त्याचा विचार करावा, असे म्हटले. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये प्रौढांच्या जुनाट कंबरदुखीसाठी प्रथमच मार्गदर्शिका काढली. तीत सुयांच्या उपचारांना सशर्त अनुकूलता दर्शवली आहे. कमरेचा पट्टा, वजन लावून ओढणे आणि टेन्स यंत्र यांचा नेहमीच्या उपचारात वापर करू नये, असेही त्यात म्हटले आहे. खात्यात काम करणारे कित्येक जण रोज कमरेला पट्टा आवळतात. त्यांच्यासाठी ही ओळ सुयांविषयीच्या ओळीइतकीच महत्त्वाची आहे. मार्गदर्शिकेत सर्वांत जास्त भर आहे तो माहिती, व्यायाम आणि हालचाल यांवर. सुई त्यांच्या जोडीला येते. कमरेवर पडणारा भार तसाच राहिला तर सुईचा परिणाम किती टिकेल, याचे उत्तर अवघड नाही.

मणक्याची गादी सरकून पायाकडे जाणारी कळ, संधिवाताची सूज, कॅन्सर किंवा क्षय यांमुळे होणारी हाडांची वेदना यांत सुईने मूळ आजार बरा होत नाही. ‘सर्व दुखण्यांवर हमखास’ अशी पाटी जेथे असेल तेथून परतावे.

कोटणीस, बसू आणि कायदा

भारतात ॲक्युपंक्चर डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी आणले, असे पुष्कळांना वाटते. सोलापूर, तेही मागांचेच शहर, ही त्यांची जन्मभूमी. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात ते होते आणि नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस शल्यचिकित्सक होते. आघाडीवरच्या जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करीत असतानाच ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी, त्यांचे चीनमध्ये निधन झाले. सुयांची विद्या भारतात आणली ती त्याच पथकातील कोलकात्याचे डॉ. बिजय कुमार बसू यांनी. १९५८ मध्ये ते पुन्हा चीनला गेले, तेथे ती शिकले आणि परतल्यावर कोलकात्यात उपचार करू लागले. पुढे लुधियानात ॲक्युपंक्चरचे रुग्णालय उभे राहिले ते मात्र कोटणीसांच्या नावाने, आणि गैरसमज पक्का झाला.

बंगालमध्ये ही विद्या आधी रुजल्याने कायदाही तेथेच आधी झाला, १९९६ मध्ये. महाराष्ट्राने २०१५ चा ॲक्युपंक्चर उपचारपद्धती कायदा केला आणि नोंदणीसाठी परिषद स्थापन केली. केंद्र सरकारने नोव्हेंबर २००३ च्या आदेशात नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक किंवा योग्य प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तींना ही पद्धत वापरण्यास मुभा दिली होती. फेब्रुवारी २०१९ मध्ये तिला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता देण्यात आली. मान्यता मिळाली म्हणजे प्रत्येक पाटीमागे प्रशिक्षित माणूस आहे असे नाही. चार दिवसांच्या शिबिराचे प्रमाणपत्रही काचेच्या चौकटीत तितकेच देखणे दिसते. म्हणून शिक्षण किती वर्षांचे, नोंदणी कोणत्या परिषदेची, हे विचारायला संकोच नसावा.

टेबलावर झोपण्याआधी

प्रशिक्षित हातात हा उपचार पुष्कळ सुरक्षित आहे. जर्मनीतील २,२९,२३० रुग्णांच्या पाहणीत ८.६ टक्के लोकांनी काही ना काही त्रास नोंदवला. त्यात बहुतांश किरकोळ रक्तस्राव, काळे-निळे डाग आणि टोचल्या जागी दुखणे होते. छातीत हवा शिरून फुप्फुस दबण्याचा गंभीर प्रकार दोघांत घडला. छाती, पाठीचा वरचा भाग आणि खांद्याचा माथा येथे खोल सुई का घालू नये, ते यावरून कळते. सिटिंगनंतर धाप लागली किंवा छातीत टोचू लागले तर घरी न थांबता थेट रुग्णालय गाठावे.

सुई नवी, सीलबंद आणि एकदाच वापरण्याची हवी. पाकीट आपल्यासमोर फोडले जात आहे का, ते पाहावे. वापरलेली सुई टोचली न जाणाऱ्या पांढऱ्या अर्धपारदर्शक डब्यात पडली पाहिजे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत तशी तरतूद आहे. ‘तुमच्याच सुया बाटलीत ठेवतो, पुढच्या वेळी त्याच लावू’ असे सांगणारा दवाखाना स्वस्त पडेल, पण कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही यांचा धोका त्या बाटलीत असतो. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, गर्भारपण असेल किंवा मधुमेह असेल तर ते सांगावे. उपाशीपोटी जाऊ नये. रात्रपाळी करून थेट दवाखान्यात आलेल्याला सुई लावताच भोवळ येण्याची शक्यता अधिक असते.

काही दुखण्यांनी सुयांच्या दवाखान्याकडे वळूच नये. कंबरदुखीसोबत लघवी किंवा शौचावरचे नियंत्रण गेले, दोन्ही मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा पायातले बळ कमी होऊ लागले तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे. बारीक ताप, घटणारे वजन आणि रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी असेल तर मणक्याच्या क्षयाची तपासणी करून घ्यावी. डाव्या हातात किंवा जबड्यात जाणारी छातीची कळ हे हृदयाचे काम असू शकते. तेथे मालिश, तुंबडी, सुया यांत घालवलेला प्रत्येक तास महाग पडतो.

बाकीच्यांनी पहिल्या सिटिंगआधी एका वहीत आपल्या वेदनेला शून्य ते दहा यांतला एक आकडा द्यावा आणि आठवड्यात किती गोळ्या लागतात तेही लिहावे. दर आठवड्याला हीच नोंद करावी. पाच-सहा सिटिंगनंतर आकडाही तोच आणि गोळ्याही तितक्याच असतील, तर उरलेल्या सिटिंगचे पैसे भरण्यापूर्वी ती वही चिकित्सकासमोर ठेवावी. गोळ्या कमी झालेल्या असतील तर तीच वही आपल्या डॉक्टरांना दाखवून मूत्रपिंडांसाठीची क्रिएटिनिन चाचणी एकदा करून घ्यावी, विशेषतः वर्षभर गोळीवर पाळी काढलेली असेल तर.